मासे धरायला जाणाऱ्यांची वाट

कॅनडात नोकरीला असलेला मुलगा किंवा जावई उन्हाळ्यात एखाद्या वेळी म्हणतो, "आई, बाबा, चला, उत्तरेकडे मासे धरायला जाऊ." आपली माणसे चक्रावतात. मासे घ्यायला कोपऱ्यावरचा बाजार असतो, त्यासाठी विमान कशाला? पण तिकडे ही मोठी हौस आहे, आणि तिच्यावर गावेच्या गावे जगतात. अशाच एका गावाची, केनोराची वाट आम्ही आज सांगणार आहोत. प्रवासाचा बेत असो वा नसो, आपल्या प्रत्येक घरात ही हकिकत वाचली जावी असे आम्हाला वाटते.

टोरोंटोहून गाडीने निघाले तर केनोरा सुमारे १,९०० किलोमीटर. मुंबईहून दिल्ली गाठून पुढे आणखी पाचशे किलोमीटर जावे, एवढे अंतर. आणि गंमत अशी की एवढे जाऊनही आपण ऑन्टारिओ या एकाच प्रांतात असतो! सुपीरियर नावाच्या समुद्रासारख्या सरोवराच्या उत्तर काठाने रस्ता जातो. वाटेत दोन मुक्काम करावेत. पेट्रोलपंप लांब लांब आहेत, म्हणून टाकी अर्धी झाली की भरून घ्यावी. अंधार पडल्यावर गाडी हाकू नये, कारण घोड्याहून उंच असे मूस नावाचे जनावर अचानक रस्त्यावर येते आणि धडक बसली तर माणसेही वाचत नाहीत. विमानाने जायचे तर टोरोंटोहून विनिपेगला अडीच तासांत पोचता येते. तिथून गाडीने पूर्वेला दोनशे किलोमीटर आले की केनोरा.

गावात शिरताच सरोवराकाठी बारा मीटर उंचीचा एक मासा उभा दिसतो. हा पुतळा १९६७ साली उभारला. पाहुणे यावेत हा हेतू होताच, शिवाय 'पाणी दूषित करू नका' असा संदेशही या माशाच्या तोंडी घातला होता. हे साल वाचकांनी ध्यानात ठेवावे.

केनोराच्या पुढे बऱ्याच तळ्यांना रस्ताच नाही. तिथे पाण्यावर उतरणारी लहान विमाने जातात. चाकांच्या जागी पडावासारखे दोन लांबट तराफे असतात. धक्क्यावरून विमान होडीसारखे निघते, पाणी कापत धावते आणि अलगद उचलले जाते. १९४७ साली पहिल्यांदा उडालेले कॅनडाचे बीव्हर विमान आजही या कामाला आहे. सामान तोलून घेतात, जास्त बोजा चालत नाही. हवा बिघडली तर विमान येत नाही, म्हणून एक-दोन दिवसांचा शिधा आणि औषधे जादा ठेवावीत. पलीकडे लाकडी घरे, होड्या आणि वाटाड्या. दुपारी वाटाड्या काठावर चूल मांडतो, नुकताच धरलेला मासा तळतो आणि पाहुण्यांबरोबर स्वतःही जेवतो.

हे वाटाडे बहुतेक अनिशिनाबे आदिवासी असत. ही भूमी त्यांचीच. १८७३ च्या करारात इंग्रज सरकारने त्यांना शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क लिहून दिला होता. पण ज्या देशात ते पाहुण्यांना मासे दाखवत होते, तिथे त्यांना बिनशर्त मतदानाचा हक्क १९६० साली मिळाला. १९६५ च्या नोव्हेंबरात सुमारे चारशे आदिवासींनी केनोराच्या रस्त्यावर मोर्चा काढला. महाडचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा मोर्चा परका वाटणार नाही.

आता मघाच्या हमरस्त्याकडे पुन्हा वळू. केनोराच्या अलीकडे सुमारे १३५ किलोमीटरवर ड्रायडन लागते. तिथे कागदाच्या लगद्याचा कारखाना आहे. त्याला लागणारी रसायने करणाऱ्या शेजारच्या कारखान्याने १९६२ ते १९७० या काळात सुमारे नऊ हजार किलो पारा वाबिगून नदीत सोडला. म्हणजे केनोराचा मासा पाणी जपायला सांगत उभा राहिला, तेव्हा ड्रायडनला नदीत पारा पडतच होता.

पारा तळाच्या गाळात बसतो. तिथले सूक्ष्म जंतू त्याचे अधिक घातक रूप करतात. ते किड्यात जाते, किड्यातून लहान माशात, लहानातून मोठ्यात. मासा जितका मोठा आणि जुना, तितका पारा जास्त. हौशी माणसाला फोटोसाठी नेमका तोच हवा असतो! पाहुणा आठवडाभर खाऊन परत गेला. वाटाड्या मात्र हंगामभर रोज तोच मासा खात राहिला, त्याची बायकामुले वर्षभर. हातपाय बधिर होणे, नजर आकसणे, तोल जाणे, बोबडी वळणे अशी लक्षणे दिसू लागली. १९७५ साली जपानचे डॉ. मासाझुमी हाराडा तिथे आले. मिनामाटा गावात पाऱ्याने झालेला रोग त्यांनी जवळून अभ्यासला होता.

ड्रायडनच्या खालच्या अंगाला ग्रासी नॅरोज ही वस्ती आहे. पूर्वी हे लोक नदीतल्या बेटांवर आणि काठांवर पांगून राहत. १९६३ साली सरकारने त्यांना रस्त्याजवळ आणून बसवले. रस्ता आला की सुधारणा येते, असे सांगण्याचा तो काळ. पाठोपाठ १९७० साली नदी विषारी असल्याचे जाहीर झाले. व्यापारी मासेमारीवर बंदी आली आणि बॉल लेक लॉज हे मोठे विश्रामगृह मालकाने बंद केले. घरातले अन्न आणि हातचे काम एकदमच गेले. हौशी लोकांना मात्र सांगण्यात आले, मजेसाठी मासे धरा, फक्त खाऊ नका. पंचशीलाचे पहिले शील घेतलेल्या आम्हाला ही मजा काही उमगली नाही. सुकट-बोंबील आपल्याही घरात शिजते. पण पोटासाठी मासा धरणाऱ्याला उपाशी ठेवून खेळासाठी धरणाऱ्याची सोय पाहावी, हे कुठले शहाणपण?

लोक गप्प बसले नाहीत. १९८५ साली दोन वस्त्यांना मिळून सुमारे १ कोटी ६७ लाख डॉलरची भरपाई ठरली. पण रोगाची निशाणी सिद्ध करता करता अनेकांचे अर्ज फेटाळले गेले. २००२ च्या डिसेंबरात तरुणांनी आणि बायकांनी जंगलतोडीच्या ट्रकांचा रस्ता अडवला. ज्या रस्त्याच्या नावाने त्यांना उठवले, तोच त्यांनी हत्यार केला. नदी साफ करायला प्रांत सरकारने २०१७ साली साडेआठ कोटी डॉलर कबूल केले. रुग्णांसाठी खास शुश्रूषागृह बांधण्याचे वचनही केंद्र सरकारने त्याच वर्षी दिले. तरीही २०२४ साली वस्तीला दोन्ही सरकारांविरुद्ध कोर्टात जावे लागले.

केनोराहून ६७१ नंबरचा रस्ता ग्रासी नॅरोजलाच जाऊन थांबतो. कोणी त्या बाजूला जाणार असेल तर मासेमारीचा परवाना काढतानाच प्रांत सरकारची मासे खाण्याविषयीची मार्गदर्शिका पाहून घ्यावी. कोणत्या तळ्यातला, कोणता, किती लांबीचा मासा महिन्यातून किती वेळा खावा, हे तीत दिलेले असते. गरोदर बायका आणि लहान मुले यांचे आकडे वेगळे आहेत. सून पोटुशी असेल तर तेच आधी वाचावेत.