वहीत कोणी हात घातला?

कॉम्प्युटरवर कधी कधी अचानक एक पाटी झळकते. ‘होस्ट्स फाइल बदललेली आहे. धोका!’ असे काहीतरी तीत लिहिलेले असते. वाचून माणूस गांगरतो. कोणी पाटी झटकन बंद करतो, कोणी दिसेल ते बटण दाबतो. दोन्ही वाईट. आधी ही फाइल म्हणजे काय, ते पाहू.

आपण बँकेचे नाव टाइप करतो. पण यंत्राला नुसत्या नावाने घर सापडत नाही, त्याला आकड्यांचा पत्ता लागतो. तो पत्ता ते इंटरनेटवरच्या मोठ्या यादीला विचारते. मात्र बाहेर विचारण्याआधी ते स्वतःच्या घरातली एक छोटी वही उघडते. तीच होस्ट्स फाइल. तिच्यात नाव सापडले, की बाहेर विचारायचे कामच उरत नाही. वहीत जे लिहिले, ते यंत्र खरे मानते.

चोर नेमके हेच हेरतो. फुकट खेळाच्या किंवा सिनेमाच्या फाइलबरोबर त्याचा प्रोग्राम आत शिरतो आणि तुमच्या बँकेच्या नावाशी आपल्या यंत्राचा पत्ता लिहून ठेवतो. मग तुम्ही नाव अगदी बिनचूक लिहा, तरी पोचता चोराच्या दारी! पान दिसते हुबेहूब बँकेचे. तिथे पासवर्ड टाकला, की घामाचा पैसा गेला. ‘हे पान सुरक्षित नाही’ असे ब्राउझर बहुधा सांगतो. ते डावलून पुढे जाऊ नका.

मग पाटी दिसली की चोर शिरलाच म्हणायचे का? तसेही नाही बरे. जाहिराती नकोत म्हणून काही जाणकार स्वतःच या वहीत नावे लिहितात. २०२० साली मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरने मायक्रोसॉफ्टचीच वाट अडवणाऱ्या होस्ट्स फाइली धोक्याच्या ठरवल्या होत्या! तेव्हा पाटी सांगते ते इतकेच, की वहीत कोणीतरी हात घातला आहे. कोणी आणि कशाला, ते आपण पाहायचे.

विंडोजमध्ये ही वही सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी अशी एकात एक फोल्डरे उघडत गेले की सापडते. ती नोटपॅडमध्ये उघडा. # या खुणेने सुरू होणाऱ्या ओळी नुसत्या टिपा असतात, यंत्र त्या सोडून देते. बाकीच्या ओळी पाहा. नावाआधी १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० असेल, तर ते नाव अडवलेले आहे. जाहिरातींचे असेल तर ठीक. अँटिव्हायरस कंपनीचे असेल तर काम चोराचे. राखणदाराची रसदच त्याने तोडली! आणि बँकेचे नाव तर या वहीत असताच कामा नये.

तसे दिसले तर अँटिव्हायरसला वही पूर्ववत करू द्या, सगळे यंत्र तपासू द्या. पासवर्ड दुसऱ्या चांगल्या यंत्रावरून बदला, बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा.

दुसऱ्या एखाद्या सिस्टम फाइलचे नाव आले, तर मात्र ती पुसून टाकायची घाई नको. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकअ‍ॅफीच्या अपडेटने विंडोज एक्सपीची एसव्हीसीहोस्ट ही चांगली फाइल व्हायरस समजून उचलली. कितीतरी कॉम्प्युटर आपोआप बंद-चालू होत राहिले. अशा वेळी फाइल ‘क्वारंटाइन’मध्ये, म्हणजे वेगळ्या कोंडवाड्यात ठेवावी आणि जाणत्याला दाखवावी.

आणि पाटीवरच ‘या नंबरवर फोन करा’ असे लिहिले असेल, तर ती पाटीच खोटी. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.