म्हशाचा बैल आणि तय्यब मेहतांचा ‘कूडल’

मुरबाड तालुक्यातील म्हशाच्या यात्रेत, पौषाच्या थंडीत, पत्र्या ठोकण्यासाठी नालबंदाने दोराने आडवा पाडलेला, चारी पाय एकत्र आवळले गेल्याने केवळ नाकपुड्यांतूनच आपला क्षोभ बाहेर टाकणारा बैल पाहिला, आणि चित्रकार तय्यब मेहता (१९२५–२००९) यांचे तीव्र स्मरण झाले.

जे. जे. कलाशाळेत दाखल होण्यापूर्वी मुंबईत चित्रपट-संकलनाची उमेदवारी केलेल्या मेहतांनी १९७० साली फिल्म्स डिव्हिजनकरिता ‘कूडल’ हा सुमारे १६ मिनिटांचा प्रयोगशील लघुपट केला. कूडल हा तमिळ शब्द, अर्थ संगम. वांद्र्याच्या कत्तलखान्यातील जनावरे आणि शहरातील माणसांची गर्दी त्यांनी त्यात एकमेकांलगत आणली.

जखडलेला बैल त्यांच्या चित्रांत १९५६ पासूनच होता. पुढे तोच महिषासुराच्या रूपाने परतला. त्यांचा कॅनव्हास तिरका दुभंगणारी ती विख्यात रेषा म्हणजे, माझ्या मते, संकलकाची कात्रीच होय.

तासाभराने तो बैल उठला, अंग झाडून चालू लागला. मी मात्र शहापूरला परतेपर्यंत त्या आवळलेल्या पायांतच गुंतलो होतो.