वीस मिनिटांचा उशीर

माझा पुतण्या शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेला २० मिनिटे उशिरा पोहोचला. लोकल रखडली होती. "वेळ गेली, पुन्हा तारीख घ्या," खिडकीतून एवढेच उत्तर. त्या दिवसाची हजेरी बुडाली ती वेगळीच. बंधू-भगिनींनो, पोराने रस्त्यावरच्या खुणा तोंडपाठ केल्या होत्या. निघायचे किती वाजता, हे मात्र आम्ही वडीलधाऱ्यांनीही विचारले नाही! शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर ३० दिवस थांबल्याशिवाय पक्क्याची चाचणी देता येत नाही. म्हणजे आज हुकलेली तारीख टेम्पोवरची नोकरीही पुढे ढकलते. महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधार कार्डावर ही परीक्षा घरूनही देता येते. पण आधारला मोबाईल नंबर जोडलेला हवा. त्याचा नव्हता. दुसऱ्या दिवशी आधी तो जोडून घेतला.