लहरींच्या मागावर (भाग ६) : गल्ली सापडली, घर कुठलं?

मागच्या भागात रेडिओ प्रक्षेपक शोधायला चौकटीचा अँटेना फिरवून पाहिला. आवाज कुठे मोठा होतो यापेक्षा कुठे बसतो, तिकडे कान द्यायचा. मोठा आवाज बऱ्याच अंशांत पसरलेला असतो, शांत जागा मात्र टोकदार असते. दोन ठिकाणांहून अशा रेषा काढल्या की त्या छेदतात तिथे प्रक्षेपक. नकाशावर एवढंच.

मुंबईत १९४२ साली हे एवढ्यावर भागलं नाही. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर चालवत होते. इंग्रज सरकारच्या दिशा शोधणाऱ्या गाड्या मागावर, म्हणून यंत्राची जागा सतत बदलायची: चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगाव, महालक्ष्मी. ऑगस्टअखेर सुरू झालेलं हे केंद्र १२ नोव्हेंबरला पकडलं गेलं, तेही गटातल्याच एका तंत्रज्ञाने पत्ता दिल्यामुळे, असं उषाताई सांगत. मला यात नवल वाटत नाही. विजेच्या तारा, लोखंडी सळ्या, नळ हे सगळं लहर झेलतं आणि पुन्हा फेकतं, त्यामुळे दाट वस्तीत रेषा वाकड्या येतात.

वायफायवर हाच त्रास दसपट होतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटर लांब. ती भिंतीतून थोडी आत जाते, लिफ्टच्या दारावरून आणि पोलादी कपाटावरून उलटते, आणि सरळ आलेली व उलटून आलेली लहर एकमेकींना कुठे वाढवतात, कुठे खाऊन टाकतात. फोन चार बोटं सरकवला तरी वायफाय मोजणाऱ्या अॅपमधला सिग्नलच्या जोराचा आकडा उणे ६१ वरून उणे ७२ वर जातो. राउटर कुठे हललेला नसतो! म्हणून एका आकड्यावर कधी विसंबू नये. हात हळूहळू फिरवत दहा-बारा आकडे घ्यावेत आणि त्यांचा कल पाहावा. (शून्याकडे जाणारा आकडा जवळचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात, खोल्यांमध्ये हा हिशेब बिघडतो.)

समजा, ऑफिसात कुणीतरी न विचारता स्वतःचा राउटर लावलाय. नाव लपवलं तरी तो सेकंदाला सुमारे १० वेळा आपला मॅक पत्ता (यंत्राचा ओळखक्रमांक) पुकारत असतो, त्यामुळे ओळख पटते. दिशेसाठी अँटेना नसला तर आपलं अंग वापरा. फोन छातीशी धरून जागच्या जागी सावकाश गिरकी घ्या. अंगातलं पाणी ही लहर बरीच शोषतं, म्हणून आकडा सगळ्यात खाली गेला की राउटर तुमच्या पाठीमागे. मग दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा. एक खोडी आहे: अँड्रॉइडवर अॅपला दोन मिनिटांत चारच वेळा शोध घेता येतो, आणि तुम्ही शिळा आकडा बघत फिरता. डेव्हलपर ऑप्शन्समधलं वायफाय स्कॅन थ्रॉटलिंग बंद करा.

दहा फुटांच्या आत आलात की सगळीकडेच सिग्नल जोरदार. इथे ५ गिगाहर्ट्झवर जा. भिंती हा सिग्नल जास्त अडवतात, त्यामुळे बाजूची खोली आणि ही खोली यांतला फरक स्पष्ट होतो. तरीही टेबलाखाली वाकून बघणं सुटत नाही.

मी मात्र आधी सिस्टिम अॅडमिनकडे जाईन. राउटरला नेट बहुधा भिंतीतल्या तारेनेच मिळतंय, आणि नेटवर्कच्या स्विचकडे कुठल्या पोर्टवर कुठला मॅक पत्ता बोलतो याची यादी असते. हवेतला आणि तारेवरचा पत्ता बऱ्याचदा शेवटच्या एका-दोन अक्षरांनीच वेगळा असतो. पोर्टवरून टेबल कळतं.

फोनचा हॉटस्पॉट असेल तर मात्र तार नाही, आणि तो मालकाच्या खिशातून चहालाही जातो. त्याच्या मागे कसं लागायचं, ते पुढच्या रविवारी.