भिलाईची उशिराची न्याहारी

सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण एकाच बैठकीत उरकण्याच्या प्रकाराला इंग्रजीत ‘ब्रंच’ असे नाव आहे. १८९५ साली गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने आपल्या एका लेखातून या भोजनाचा पुरस्कार केला. शनिवारची रात्र मौजेत जागवणाऱ्यांना रविवारी निवांत उठू द्यावे, हा त्यामागील विचार. छत्तीसगढमधील भिलाई या पोलादनगरीतही दहा-अकराच्या सुमारास पोटभर खाण्याची रीत आहे. मात्र येथे रात्र जागवली जाते ती कामासाठी.

पाळ्यांचे शहर

भारत व सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टी रोज संध्याकाळी विझवून सकाळी पुन्हा पेटवता येत नाही. त्यामुळे काम अहोरात्र चालते: सकाळी ६ ते दुपारी २, दुपारी २ ते रात्री १० आणि रात्री १० ते सकाळी ६. रात्रपाळी आटोपून आलेल्या माणसाला झोपण्यापूर्वी केवळ चहा-बिस्किट पुरत नाही. तर दुपारच्या पाळीला निघणाऱ्याला एक वाजण्यापूर्वीच जेवावे लागते. घरोघरीच्या स्वयंपाकाच्या वेळा या पाळ्यांनी ठरवल्या. कारखान्यातील कायम कामगारांची संख्या गेल्या काही दशकांत पुष्कळ घटली असली, तरी सकाळच्या या खाण्याचे महत्त्व कमी झालेले नाही.

कोठे जावे?

कारखान्याच्या ओढीने आंध्र, केरळ, बंगाल, ओडिशा, पंजाब आणि विदर्भ येथून माणसे आली. म्हणूनच भिलाईला ‘लघुभारत’ म्हटले जाते. याची प्रचीती इंडियन कॉफी हाउसमध्ये येते. कॉफी बोर्डाने आपली उपाहारगृहे बंद करण्यास आरंभ केल्यावर कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था स्थापून ती स्वतः चालवण्यास घेतली. मध्य प्रदेश व छत्तीसगढमधील कॉफी हाउसेस जबलपूरच्या संस्थेच्या व्यवस्थापनाखाली आहेत. डोक्यावर तुऱ्याचा फेटा बांधलेले वाढपी, डोसा, इडली-सांबार, कटलेट, ऑम्लेट आणि कॉफी! येथे वाढणारा हात स्वतः संस्थेचा भागीदार असतो, ही बाब सहकाराच्या परंपरेत वाढलेल्या मराठी मनाला विशेष भावेल.

सुपेला आणि पॉवर हाउस या बाजारभागांत, तसेच ‘जी. ई. रोड’ या हमरस्त्यालगत, सकाळी पोहे-जिलबीच्या गाड्या लागतात. नागपूरकरांना येथे तर्रीची उणीव भासेल. परंतु शेव पेरलेल्या पोह्यांसोबत गरम जिलबीचा घास घेतल्यावर ती तक्रार फार काळ टिकत नाही. मुलांसह रविवार घालवायचा असेल, तर १९७२ मध्ये भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून उभारलेल्या मैत्री बागेत, पांढऱ्या वाघांच्या दर्शनाला, पोटपूजा करून जावे.

मातीची चव

या साऱ्या गर्दीत मूळच्या छत्तीसगढी पदार्थांना मात्र हॉटेलांच्या फळ्यावर क्वचितच स्थान मिळत असे. ते घरचे, शेतावरचे खाणे मानले गेले. ही उणीव भरून काढण्याचा उल्लेखनीय प्रयत्न म्हणजे रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात २०१६ मध्ये सुरू झालेले ‘गढकलेवा’. भिलाईहून रायपूर सुमारे तीस किलोमीटर. महिला बचत गटाच्या हातचे चीला, फरा, बरा, अंगाकर, ठेठरी आणि खुरमी तेथे मिळतात. मराठी वाचकाला हे पदार्थ परके वाटू नयेत. तांदळाच्या पिठाचा चीला आपल्या घावनाचा सख्खा भाऊ, उडदाचा बरा आपल्या वड्याच्या कुळातला आणि पानात लपेटून निखाऱ्यावर भाजलेली अंगाकर भाकरी कोकणच्या पानगीची आठवण करून देणारी.

नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम हाती घेतला, तेव्हा ‘स्वयंपाक येतो’ एवढेच भांडवल असलेल्या स्त्रीकडे कर्जदार म्हणून पाहण्याची सवय बँकांनाही नवीच होती. अशा उपाहारगृहात पदार्थाच्या किमतीतून त्या स्त्रीच्या कौशल्याला मोल मिळते. जे काम पिढ्यान्‌पिढ्या चुलीपाशी विनामोबदला झाले, त्याचा हिशेब आता गटाच्या वहीत लिहिला जातो.

बोरे-बासी

अखेरीस, या प्रदेशातील सर्वांत जुन्या सकाळच्या जेवणाचा उल्लेख अटळ आहे. रात्रीचा उरलेला भात पाण्यात भिजत ठेवून सकाळी कांदा, हिरवी मिरची, चटणी वा भाजीसोबत खाणे म्हणजे बासी. ताजा भात पाण्यात बुडवला तर ते बोरे. उन्हाच्या तडाख्यात राबणाऱ्या शेतकऱ्याचे आणि मजुराचे हे अन्न शरीराला पाणी पुरवते, पोट थंड ठेवते आणि धान्य वाया जाऊ देत नाही. पाहुण्यांसमोर ते ठेवण्याचा संकोच अनेक घरांत असे. २०२२ मध्ये राज्य शासनाने १ मे या कामगारदिनी सर्वांनी बोरे-बासी खावे असे आवाहन केले आणि मंत्री-अधिकाऱ्यांच्या पुढ्यातही हे ताट आले.

मुंबई-हावडा लोहमार्गावरील दुर्ग, भिलाई नगर वा भिलाई पॉवर हाउस या स्थानकांवर उतरणाऱ्या ग्राहकबंधू-भगिनींनी एक सकाळ या शहरासाठी अवश्य राखून ठेवावी. कॉफी हाउसमधील डोसा चाखावा, गाडीवरचे पोहे खावेत; आणि एखाद्या छत्तीसगढी घरी आमंत्रण मिळालेच, तर यजमानांकडे आवर्जून बासी मागावी. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर आश्चर्य उमटेल, आणि मग आग्रहाने दुसरी वाढ होईल.