दोन खोऱ्यांची वाट: नागपूर ते रायपूर
भिलाईजवळच्या रिसालीतून उत्तरेकडे निघालं की थोड्याच वेळात जी. ई. रोड लागतो. भिलाईकरांच्या रोजच्या बोलण्यातलं हे नाव म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड, नागपूरहून भंडारा, राजनांदगाव, दुर्ग करत रायपूरला जाणारा. भिलाईच्या पोलाद कारखान्यातली पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. नागपूर आणि छत्तीसगड यांच्यातली ये-जा त्याच्या कितीतरी आधीची.

नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांच्या १७४१ च्या स्वारीनंतर छत्तीसगडवर भोसल्यांचा अंमल बसला. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले आणि मराठी घरं इकडे रुजली.

या वाटेवरच्या खऱ्या खुणा नद्यांच्या आहेत. भंडाऱ्याला वैनगंगा, सीमेवर बाघनदी, दुर्गजवळ शिवनाथ, रायपूरच्या अलीकडे खारून. बाघनदीचं पाणी वैनगंगेतून गोदावरीला मिळतं, तर शिवनाथचं महानदीला. म्हणजे बाघनदी आणि राजनांदगाव यांच्या दरम्यान प्रवासी एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात उतरतो. रस्त्यावर त्याची पाटी नसली तरी हा या प्रवासातला सर्वांत मोठा टप्पा आहे.

१८७७ मध्ये नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, लहानपणी नागपूरहून बैलगाडीनं रायपूरला गेले. तेव्हा इकडे रेल्वे नव्हती. वाटेत कड्याच्या कपारीत लोंबणारं प्रचंड मोठं मधाचं पोळं पाहून ते देहभान विसरले, असं त्यांच्या चरित्रात येतं. ती जागा गोंदिया जिल्ह्यातलं दरेकसा असल्याचं तिथले लोक सांगतात. त्याच डोंगरात कचारगडची विस्तीर्ण गुहा आहे. माघ पौर्णिमेला गोंड समाज दूरदूरहून तिथे दर्शनाला येतो.

भिलाई ओलांडून चरोद्याकडे गेलं की देवबलोदा येतं. कलचुरी काळातलं हे शिवमंदिर शिखराविनाच उभं आहे. शेजारी पायऱ्यांचं कुंड, भिंतींवर हत्ती, शिकारीचे प्रसंग, नाचणारी माणसं. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते. एरवी नागपूर-रायपूर करणारी मराठी कुटुंबं महामार्गावरून भरधाव पुढे निघून जातात. त्यांनी इथे अर्धा तास तरी थांबावं, कुंडाच्या बाजूनं फिरून भिंती नीट पाहाव्यात. या मातीत भोसल्यांच्या आधी कोण नांदलं, ते या दगडांत स्पष्ट दिसतं.