शेततळ्यातील शेवाळ वेळीच रोखा

महाड व पोलादपूर तालुक्यांत पावसाळ्यात पाण्याला तोटा नसतो. परंतु उन्हाळ्यात आंबा-काजूच्या नव्या कलमांना पाणी पुरत नाही. त्यासाठी प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यात साठविलेले पाणी ऊन वाढताच हिरवे होते व ठिबकचे ड्रिपर तुंबतात.

ऊन, साचलेले पाणी आणि नत्र-स्फुरद मिळाले की शेवाळ फोफावते. नत्र-स्फुरद तळ्यात येते ते शेण, खत व कुजलेल्या पाल्यातून. ते बाहेरच अडविणे हा खरा उपाय होय.

१) तळ्याच्या काठाला उंच बांध घालून गोठ्याचे व खतखड्ड्याचे पाणी दुसरीकडे वळवावे.

२) पडलेला पाला जाळीने काढावा. तळ्यावर शेडनेट ताणल्यास ऊन अडते, बाष्पीभवनही घटते.

३) ठिबकला वाळूची गाळणी बसवून ती उलट्या प्रवाहाने धुवावी. उपनळ्यांची टोके अधूनमधून उघडून पाणी सोडावे.

मोरचूद हा शेवटचा उपाय. प्रमाण १,००० लिटर (१ घनमीटर) पाण्यास १ ग्रॅमपेक्षा जास्त नसावे; म्हणजे १ लाख लिटरला १०० ग्रॅम. पावसाचे पाणी मृदू असल्याने त्यात तांबे माशांना अधिक घातक ठरते. म्हणून मासे सोडलेल्या तळ्यात मोरचूद मुळीच वापरू नये.

पाण्यावर रंग सांडल्यासारखी निळसर-हिरवी साय दिसल्यास गुरांना तेथे फिरकू देऊ नका. अशा शेवाळाच्या काही जाती विषारी असून जनावरे दगावू शकतात. मोरचुदाने शेवाळ मेले तरी त्यातील विष पाण्यात उतरते, हे विसरू नका.